जिभेला चिकटतं ते हाड

त्या इमारतीत सगळे त्यांना मामा म्हणत. झाडूवालीपासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे ते मामा; भाचेपण मात्र कुणी निभावलं नव्हतं.

हाडांच्या खोलीत शिपाई म्हणून मामांना एकतीस वर्षं झाली होती. जमिनीतून उकरलेली माणसं खोक्यांत भरून येत. मामा मऊ ब्रशने त्यांची माती काढत, तुकडे ट्रेमध्ये मांडत, चिठ्ठ्या लावत. पदवीवाल्यांची गाडी अडली की ते हळूच विचारत, "मामा, हे डावं की उजवं?" मामा बोटं फिरवून सांगत. शोधनिबंध छापून आला की त्यात सगळ्यांची नावं असत, अगदी दोन महिने येऊन चहा पिऊन गेलेल्या पाहुण्याचंसुद्धा. मामांचं कधीच नसे. आता निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, आपलं नाव छापून यावं.

संधी आली ती चार हजार वर्षं जुन्या सांगाड्याच्या रूपाने. त्या सांगाड्याचं कानामागचं हाड सगळ्यांना हवं होतं, कारण डीएनए टिकला तर तिथेच टिकतो. पण खोकं वाटेत आपटलं होतं आणि कवटीच्या चुऱ्यात खडे मिसळले होते. साहेब, म्हणजे संचालक, डोक्यावर येऊन उभे राहिले.

"मामा, तासाभरात तो तुकडा पाहिजे. नाहीतर तुम्हालाच भरून ठेवतो खोक्यात."

सगळे चहा पिऊन येईपर्यंत, पंधरा मिनिटांत, मामांनी तो शोधून दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कसा ओळखलात हो?" एकीने विचारलं. मामा म्हणाले, "सवय."

त्या हाडाच्या भुकटीतून जे निघालं, त्याने साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. आईकडून लेकरांत उतरणारा एक दुर्मीळ धागा सापडला होता. "आजच्या माणसांत याचा वारस शोधा," असं म्हणून साहेबांनी गावभर थुंकीचे नमुने गोळा करायला माणसं पाठवली आणि गंमत म्हणून इमारतीतल्या सगळ्यांचेही घेतले. नियमाप्रमाणे हाडांना हात लावणाऱ्या प्रत्येकाचा नमुना आधीच घेऊन ठेवायचा असतो. तो घेतलाही होता, पण फक्त पदवीवाल्यांचा. शिपायाची थुंकी कशाला, असं तेव्हा साहेबच म्हणाले होते.

धागा जुळला तो नेमका मामांशी.

मग काय विचारता! सभागृहात काचेच्या पेटीशेजारी खुर्ची मांडली आणि मामांना तिच्यावर बसवून फोटो काढले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"चार हजार वर्षांनी आजोबांना नातू भेटला! बघा, नाकही तसंच असणार. फक्त आजोबांना अक्कल जरा बरी असावी."

हशा पिकला. मामाही हसले. मग हळूच म्हणाले, "साहेब, आजोबा नाही. आजी आहे ती. कमरेचं हाड बघा ना, केवढं पसरट आहे."

"डीएनए पुरुषाचा आहे, मामा."

"पण कंबर बाईची आहे."

"ऐका! खुर्चीवर बसवलं तर प्राध्यापक झाले." पुन्हा हशा. यावेळी मामा हसले नाहीत.

घरी बायकोनेही सोडलं नाही. "चार हजार वर्षांचं घराणं म्हणे! आणि नळाची चकती बदलायला माणूस बोलवावा लागतो." पण फोटो तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

मामांच्या डोक्यातून ती कंबर जाईना. दुसऱ्या दिवशी ते यंत्रवाल्या बाईंकडे गेले. बाई पदार्थविज्ञानाच्या. तळघरातल्या यंत्रावर हाडांचं वय काढत. कमी बोलत आणि मामांना अहो-जाहो करत.

"बाई, एवढं तपासा. ती बाईच आहे. आणि खरं निघालं तर एक ओळ लिहा, की हे मामांनी ओळखलं. माझं पूर्ण नाव घालून."

बाईंनी मनावर घेतलं. आठ दिवसांनी त्यांनी मामांना खाली बोलावलं. बसायला स्टूल दिलं.

"मामा, तुमचं बरोबर आहे. दातांवरूनही तेच निघालं, सांगाडा बाईचाच आहे. वयही चार हजारच."

मामांचा चेहरा उजळला.

"पण डीएनए पुरुषाचा आहे. आणि तो जुना नाही. इतक्या वर्षांत त्या धाग्याचे बारीक तुकडे होतात, टोकं झिजतात. हे धागे लांबलचक आहेत, कोरे करकरीत. तो तुकडा शोधताना हातमोजे होते ना?"

"होते की. एकावर एक दोन."

"मास्क?"

"होता. तेवढ्यापुरता खाली केला."

"कशापुरता?"

मामांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं. "खडा आणि हाड मातीत सारखेच दिसतात, बाई. जिभेला लावायचं. खडा सुटतो, हाड चिकटतं. खोदकामाच्या खड्ड्यात काम करत होतो तेव्हा साहेबांनीच शिकवलं. तेव्हा ते पोरसवदा होते, मीही."

बाईंनी त्या लांबलचक धाग्यांचा कागद मामांपुढे सरकवला. तो घेता घेताच मामांना कळलं. पुढे केलेला हात त्यांनी हळूहळू मागे घेतला.

"म्हणजे तो मीच."

"तुमची थुंकी मुरली त्यात."

"बाई, चार महिने राहिलेत माझे."

"मला लिहावं लागेल, मामा. खोटं कसं ठेवू?" मग बाई यंत्राकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही कंबर तपासायला सांगितली नसतीत, तर कुणी बघितलंही नसतं."

चौकशीला पाच जण बसले होते. मामांना उभंच ठेवलं.

"हाड चाटलंत?" एकाने विचारलं. बाकीच्यांनी हसू दाबलं.

"साहेबांनी शिकवलं होतं. तेव्हा तशीच पद्धत होती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी? मी यांना ब्रश धरायला शिकवलं असेन. कुत्र्यासारखं हाड चाटायला नाही."

आता कुणी हसू दाबलं नाही. बाईंनी तोंड उघडलं, पण त्या खड्ड्यावर त्या नव्हत्याच. त्यांनी ते मिटलं.

मामांकडून खोलीची किल्ली काढून घेतली. उरलेले महिने ते फाटकाशी बसले. येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची. पदवीवाले जाता-येता म्हणत, "मामा, सही करू की चाटून ओळखताय?"

निवृत्तीच्या दिवशी पाकीट मिळालं. आत त्या सांगाड्यावर साहेबांनी घाईघाईने छापलेल्या शोधनिबंधाची दुरुस्ती होती, परक्या भाषेतली, पण मामांना वाचण्यापुरती येत होती. सांगाडा स्त्रीचा असल्याचं संचालकांच्या बारकाईच्या निरीक्षणातून लक्षात आलं, असं पहिल्या परिच्छेदात होतं. दुसऱ्यात मामांचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. नमुना त्यांच्या लाळेने खराब झाला होता आणि याआधीच्या किती नमुन्यांना त्यांचा हात लागला असेल ते सांगता येत नव्हतं, म्हणून एकतीस वर्षांची सगळी हाडं पुन्हा तपासायची होती.

बायकोने घरी कागद हातात घेतला. तिला ती भाषा येत नव्हती, पण नवऱ्याच्या नावाची अक्षरं तिने ओळखली.

"अहो, आलं की नाव! काय लिहिलंय?"

मामा चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "ती बाई होती, असं लिहिलंय."

"तुम्ही तेच म्हणत होतात ना?"

"हो. तेच."

तिने कागद नीट घडी घालून पदराखाली धरला. समोरच्या घरात शाळेतल्या मास्तरीणबाई राहत. त्यांना ती भाषा उत्तम येत असे.

"दाखवून येते त्यांना. नेहमी विचारतात, तुमचे हे तिथे नेमकं करतात काय म्हणून."

मामांनी तोंड उघडलं. चपला वाजल्या, दार लागलं.