कलंडलेली तळी

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. त्याला माझी खबर आहे का, एवढीच शंका होती. मी देवगाव रंगारीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर होतो आणि जवळच पत्र्याच्या खोलीत एकटा राहत होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलेलं. काल-परवापर्यंत एका डब्यात जेवणारी माणसंही आडनाव बघून बाकावर बसायला लागली होती. संचारबंदी लागली की मी, स्टोव्ह आणि भिंतीवरच्या तसबिरीतला खंडोबा, एवढाच आमचा गोतावळा.

त्यातच माझे हात आखडायला लागले. सकाळी बोटं लाकडासारखी ताठ. शर्टाचं बटण लागायचं नाही, स्टोव्हला पंप मारता यायचा नाही. दुपारनंतर ती सैल पडायची. सकाळचा खाडा परवडत नव्हता म्हणून मी डॉक्टरकडं जायचो ते पाळी सुटल्यावर, आणि तोवर हात अगदी शहाण्यासारखे वागत असायचे. तरी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. शरीर आपल्याच सांध्यांवर उठलं, की त्याची खूण रक्तात सापडते म्हणे. माझ्या रक्तात ती सापडली नाही. रिपोर्ट चांगला आला आणि माझी पंचाईत झाली. सुपरवायझर म्हणाला, कागदावर ठणठणीत आहेस, मग नखरे कसले. आणखी एक काम बिघडलं तर गावाकडं जा. मी अजून कायम झालो नव्हतो. चुलत्यानं निरोप धाडला, देवाची तळी चुकली असेल. चुकली होतीच. तळी उचलायला पाच जण लागतात, आणि मला या शहरात एक माणूस नव्हता.

एका रविवारी सकाळी शहराला लागून असलेल्या साताऱ्याच्या खंडोबाला गेलो. मागायचं काय तेही सुचत नव्हतं. देवळात काही माणसं ताम्हणात पानसुपारी, खोबरं, भंडारा मांडून तळीसाठी खोळंबली होती. त्यातलं एक म्हातारं मला म्हणालं, "पाव्हणं, एक माणूस कमी पडायलंय. लावा हात." नाही म्हणणं जिवावर आलं. येळकोटाचा गजर झाला, तळी वर गेली आणि माझ्याच बाजूनं कलंडली. खोबरं घरंगळलं, भंडारा फरशीवर सांडला. कुणी रागावलं नाही. म्हाताऱ्यानं तोच भंडारा चिमटीनं उचलून माझ्या कपाळाला लावला. मी मात्र दीपमाळेआड जाऊन रडलो. आता देवानंही हात झटकले, असंच वाटलं.

तळीला हात लावलेल्यांपैकी एक चष्मेवाले गृहस्थ माझ्यामागं आले. जवळ बसले आणि न विचारताच माझा हात हातात घेऊन बोटांचा एकेक सांधा दाबून पाहू लागले. त्या दिवसांत अनोळखी माणूस आधी आडनाव विचारायचा. यांनी विचारलं, "सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?"

"कारखान्याचा भोंगा झाला तरी वळत नाय, साहेब. पण रक्तात काईच नाय म्हणत्यात."

"सुरुवातीला खूण दिसतेच असं नाही. उशिरा येते, कधी येतही नाही. तुमचा त्रास खरा आहे."

हे ऐकायला मी किती आसुसलो होतो, ते तेव्हाच कळलं. ते मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होते. घरच्या तळीला आले होते. त्यांनी सकाळीच यायला सांगितलं, हात शेकून नको, अंथरुणातून उठाल तसंच. गेलो. औषधं सुरू झाली. त्यांच्या शब्दावर कारखान्यानं मला लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा ती खूण निघाली. आजार सापडला म्हणून पेढे वाटावेसे वाटलेला मी एकटाच असेन. पण पेढे द्यायला होतं कोण? देवालाच ठेवले.

पुढं डॉक्टरांची बदली झाली, गाठ पडली नाही. तो योगायोग होता की आणखी काही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की तळी नीट उचलली गेली असती तर मी प्रसाद घेऊन मुकाट खोलीवर परतलो असतो. जे सावरायचा मी आटापिटा करत होतो, ते देवानं सांडू दिलं, म्हणून कुणाला तरी दिसलं. खोलीत अजून मी एकटाच असतो. औषधं चालू आहेत, तरी सकाळी मूठ पुरती मिटत नाही; बोटं आणि तळव्यात थोडी जागा राहते. ती त्याची, असं मी धरून चालतो.