न्हाणीचा दगड

माघातला रविवार, सकाळ. हजर: आई, धाकटा भाऊ, फरशी बसवणारा मिस्त्री आणि मी.

आईच्या खुब्याचं हाड सांधलं होतं. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, पण न्हाणीत एकटीने जायला नाही. दिवाळीपासून तिला मीच अंघोळ घालत होते. ती भिंतीकडे बघायची, मीही भिंतीकडेच. तिला एकच गोष्ट हवी होती: दार आतून लावून, आपल्या हाताने अंघोळ. मलाही तेच हवं होतं. तिला उठवता-बसवता माझी कंबर गेली होती.

अडचण दगडाची होती. न्हाणीतली जुनी लादी वाळूच्या दगडाची. पाण्याखाली वाळूचे थर बसत, दाबत हा दगड होतो, आणि झिजताना थराथरानेच सुटतो. मधोमध खळगा पडून शेवाळ धरलं होतं. आई तिथेच घसरली.

भावाने बदली म्हणून ग्रॅनाइट आणला, आमच्या झाशीच्याच आसपासच्या टेकड्यांतला. वितळलेला खडक जमिनीच्या पोटात सावकाश निवताना त्याचे कण एकमेकांत गच्च अडकतात. थर नावालाही नसतो. वडील रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होते. रुळांखाली हाच फोडून घालतात, वाळूच्या दगडाचं गाड्यांखाली पीठ होईल, असं ते सांगायचे.

"अम्माजी, सौ साल चलेगा," मिस्त्री म्हणाला.

"मला सौ साल नको रे भैया. अंघोळीपुरता हवा."

मी दोन्हींवर तांब्याने पाणी ओतलं. जुन्या लादीने ते पिऊन टाकलं. ग्रॅनाइटवर ते काचेवर राहावं तसं राहिलं. मी पाऊल ठेवलं आणि घसरले. भिंत होती म्हणून वाचले.

"ताई, तू मुद्दाम घसरतेयस."

"मग तू उभा राहा."

त्याने चप्पल काढली, दगडाकडे पाहिलं आणि परत घातली. "वाळूचाच नवा आणू का?"

"आणि तो झिजला की पुन्हा मीच पडू?" आई म्हणाली. "पाटा गुळगुळीत झाला की आपण छिन्नीने टाकवून खरखरीत करून घेतो. यालाही टाकी लावा."

"इतनी बढ़िया पॉलिश पे छेनी?" मिस्त्रीने भावाकडे पाहिलं. भावाने दगडाचं एक टोक उचललं. पॉलिश त्यानेच हौसेने निवडलं होतं.

दुपारभर अंगणात ठोकाठोक चालली. ग्रॅनाइट दाद देईना. छिन्नी परत परत बोथट व्हायची. दिवस कलला तेव्हा निम्मा दगड खरखरीत झाला होता. मिस्त्रीने हत्यारं गोळा केली. जवळच्या मोठ गावी त्याच्या शेतात मटार तोडायला आला होता, "बस, दो-चार दिन, दीदी," म्हणून गेला.

होळी जवळ आली. दगड अंगणात भिंतीला टेकलेला आहे. आई रोज त्यावरून हात फिरवते.

"अगं, या अर्ध्यात माझे दोन्ही पाय मावतील. एवढाच बसव ना."

"वळताना दुसऱ्या अर्ध्यावर पाय पडला तर?"

मी बादली भरते, दार उघडं ठेवते, तिचा दंड धरते. उरलेल्या अर्ध्याला टाकी लावायची राहिली आहे.