पोवळ्यावरचा थेंब

बीडच्या सराफ्यात, भर गिऱ्हाइकीच्या वेळी, मी एका माणसाच्या अंगठीतल्या पोवळ्यावर ॲसिडचा थेंब टाकला. पोवळं खोटं आहे अशी माझी खात्री होती. ते खरं निघालं.

एवढी खात्री कशाची, तर मी पोवळ्यांचाच अभ्यास करत होतो. आम्ही शिरूर कासारचे, वडिलांचं किराणा दुकान. घराण्यात समुद्र कोणी पाहिलेला नाही. मी मात्र दक्षिणेच्या किनाऱ्यावर एका संशोधन केंद्रात अडीच वर्षं बुड्या मारत होतो. जिवंत पोवळ्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यात असंख्य जंतू राहतात. पोवळं धडधाकट असलं तर एका जातीचे, आजारी पडलं की भलत्याच. तो थर अलगद पुसून घ्यायचा आणि काचेच्या बशीत जंतू वाढवून बघायचे, हे माझं काम.

बीडला मुलगी बघायला गेलो तेव्हा हे सगळं मी हौसेने सांगितलं. मुलीचा चुलता सराफ, वर पत्रिकाही बघायचा. मुलाला मंगळ आहे, माझ्या दुकानातलं पोवळं बोटात घातलं तरच पुढची बोलणी, असं त्याने जाहीर केलं. तोंडात पोह्यांचा घास असताना मी विचारलं, की मेलेल्या पोवळ्याच्या हाडाला मंगळ कशाला भिईल? बैठक हसली. चुलता हसला नाही. उठताना तो वडिलांना म्हणाला, "पोरगं समुद्राचा शेंबूड पुसतंय, अन् आमाला शिकवतंय व्हय?"

सोयरीक मोडल्याचं मला फार वाटलं नाही. मुलीने दोनदाच वर पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ होतं. पण चुलत्याचं ते वाक्य माझ्या आधी शिरूरला पोचलं. साखर घ्यायला आलेला माणूससुद्धा वडिलांना विचारायचा, समुद्र पुसून झाला का म्हणून. वडील मान खाली घालून पुड्या बांधत राहायचे. ती खाली गेलेली मान घेऊन मी किनाऱ्यावर परतलो आणि वर्षभर सूड शिजवत बसलो. बशीतले जंतू वाढत नव्हते, सूड मात्र झकास वाढत होता.

चुलत्याच्या बोटातलं पोवळं मला लख्ख आठवत होतं. लालबुंद, गुळगुळीत, डाग नाही. माझी पोवळी तपकिरी आणि खडबडीत. म्हणजे त्याची ती काच, झालं. अंगठीतलं पोवळं वेगळ्याच जातीचं, कुठल्या तरी लांबच्या समुद्रातलं असतं, हे कोणत्याही सराफाने सांगितलं असतं. पण सराफाला विचारायला जातंय कोण!

परीक्षा सोपी होती. खऱ्या पोवळ्यावर ॲसिड पडलं की फेस येतो, काचेवर येत नाही. सुट्टीला आलो तो ॲसिडची बाटली खिशात घालूनच. एसटीत ती जरा गळली आणि पँटला बोटभर भोक पडलं. त्यावर शर्ट ओढून घेतला आणि दुकानात शिरलो. खुल्या बाजाराचा वारा लागून चुलत्याने नवं काचेचं दार बसवलं होतं, आत गिऱ्हाईक मावत नव्हतं. मला हवंच होतं. अंगठी जरा बघू म्हणालो. त्याने काढून दिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी परीक्षेचं शास्त्र समजावलं आणि थेंब सोडला.

दोन क्षण काही झालं नाही. तेवढा आनंद मला पुढे पीएचडी मिळून डॉक्टर झाल्यावरही झाला नाही. मग पोवळं फसफसायला लागलं.

चुलत्याने फेसाकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडे. "बघा, समुद्रावरचा शास्त्रज्ञ आलाय आपला माल तपासायला. खरं हाय का न्हाई, सांग बाबा समद्यास्नी."

"खरं आहे," मी म्हणालो.

तेवढ्यावर लोक पोवळी बघायला गर्दी करू लागले. भरपाई घ्यायला तो तयार होईना. उलट मला चहा पाजला आणि डाग पडलेली अंगठी माझ्यादेखत दर्शनी कपाटात मांडली. त्या चहाचा राग अजून गेलेला नाही. संधी मिळाली तर आजही सोडणार नाही त्याला.

घरी पोचलो तोवर बातमी शिरूरला आलेली होती. वडील पुडी बांधत होते. दोऱ्याची गाठ मारून त्यांनी मान वर केली.

"शेंबूडच पूस बाबा," ते म्हणाले. "तेवढंच येतंय तुला."