खाजकुइलीखालचं भाषण

डिसेंबरच्या उन्हात खाजकुइलीच्या शेंगा इतक्या देखण्या दिसतात की हात आपोआप पुढे जातो. सोनेरी मखमल, आणि तीही रानात फुकट. मखमल दिसली की जरा लांब उभं राहावं, हे मी समारंभांतल्या खुर्च्यांकडे पाहून शिकलो होतो. टेकडीवरही ते उपयोगी पडलं.

दर रविवारी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष मात्र थेट वेलीखाली उभे राहिले. गळ्यात शिट्टी, हातात काठी.

"तीन-तीन पानं, वाकडी शेंग, वर सोनेरी लव. हात लावायचा नाही. वारा असेल तर खाली थांबायचंसुद्धा नाही," असं म्हणत त्यांनी काठीने शेंगांचा घोस हलवून दाखवला. तेवढ्यात वारा सुटला.

अध्यक्ष आधी मान खाजवू लागले, मग दंड, मग भान विसरून हाताला येईल ते. त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या, "पटली ना सगळ्यांना ओळख? आता इकडे येऊन बसा खाली." वाटेवरचं ताजं शेण उचलून त्या नवऱ्याच्या मानेला चोळू लागल्या. अंगात रुतलेली लव काढायचा हा त्यांच्या माहेरचा उपाय.

आम्ही हसत होतो आणि अध्यक्षही हसत होते. खाज सुटली की माणसाचं पद आधी गळून पडतं आणि आतून बरा माणूस निघतो, असं मला वाटून गेलं.

"थांबली का हो?" कुसुमताईंनी विचारलं.

"केव्हाच," डोळे मिटून ते म्हणाले. "पण तू चोळ."