पिवळ्या रेघेची कस्तुरा

चिखलीत समाधानच्या दुकानात संगणक जोडणारी कस्तुरा जोंधळे ही फार हळू बाई आहे, असं गिऱ्हाइकं म्हणतात. ते ऐकलं की तिचा नवरा विलास पोट धरून हसतो. चाकणच्या कंपनीत, गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर ती चौदा वर्षं उभी होती आणि तिच्याइतका झटपट हात तिथे दुसऱ्या कुणाचा नव्हता. पन्नास सेकंदांत एक जोडणी. कनेक्टर खोबणीत ढकलायचा, खट्ट आवाज ऐकायचा, ओढून बघायचा आणि वरून पेंट मार्करने रेघ मारायची, अर्धी कनेक्टरवर आणि अर्धी खोबणीवर. रेघ म्हणजे सही. प्रत्येकीचा रंग वेगळा, कस्तुराचा पिवळा.

मग ती लाइनच दुसऱ्या राज्यात गेली. कंत्राटी बाईला घरी पाठवायला कंपनीला फारसे सायास पडत नाहीत. शनिवारी सांगितलं, सोमवारी गेटवर कार्ड चालेना. त्रेचाळिसाव्या वर्षी कस्तुरा घरी बसली आणि चार दिवसांत तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे तीनदा घासले.

त्याच सुमारास तिच्या लेकीचा, मिनलचा, जुना संगणक बंद पडला. कस्तुरा तो रिक्षात घालून समाधानकडे घेऊन गेली. समाधान चिखलीतल्या जुन्या घराण्यातला, पस्तिशीचा, तोंडाने फटकळ. त्याने झाकण काढलं, आतली एक लांबट पट्टी उपसली आणि तिच्या कडा खोडरबराने पुसल्या.

"रॅम हाय ह्यो, ताई. कडा मळल्या व्हत्या, दुसरं काय न्हाई." त्याने पट्टी पुन्हा दाबली. खट्ट वाजलं आणि पडदा उजळला.

"हे मला येतंय की हो," कस्तुरा म्हणाली.

"येतंय? आतनं कदी बघितलाय का कंप्युटर?"

"आतून नाही बघितला. पण नीट बसलं का नाही, ते मला आवाजावरून कळतंय."

"नुसत्या आवाजावर दुकान चालत न्हाई."

"मग बाकीचं शिकवा."

समाधान हसला, पण त्याला माणूस हवाच होता. दुसऱ्या दिवसापासून कस्तुरा येऊ लागली. शिकताना चुकली नाही असं नाही. प्रोसेसरवर लावायचा लेप तिने पहिल्यांदा भाकरीला लोणी चोपडावं तसा चोपडला आणि समाधान कपाळावर हात मारून म्हणाला, "ताई, मुगाच्या दाण्याएवढा!" कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला बोट टेकवायचं, म्हणजे अंगातली वीज उतरते, हे तिला खरंच वाटेना, पण ती रोज टेकवत राहिली. कोणती वायर कुठे जाते, हे मात्र तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

तिने एकटीने जोडलेलं पहिलं मशीन सुरू झालं तेव्हा तिला रडू आलं. चौदा वर्षांत तिच्या हातून लाखो जोडण्या गेल्या असतील, पण त्यातली एकही गाडी सुरू होताना तिने पाहिली नव्हती. इथे पंखा तिच्यासमोर फिरला. "डोळ्यात धूळ गेली," असं ती म्हणाली आणि समाधाननेही ते मान्य केलं.

सवय जाते कुठे? जोडलेल्या प्रत्येक कनेक्टरवर ती पिवळी रेघ मारू लागली. समाधानने आधी चेष्टा केली, "ह्यो टिळा कशापायी?" आणि महिन्याभरात तोच गिऱ्हाइकांना सांगू लागला, की आमचं मशीन टिळा लावूनच बाहेर पडतं. मात्र एक गोष्ट त्याने पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवली होती. "दिवाळीपत्तुर बघू. तुमच्या हातचं एक जरी मशीन जळून माघारी आलं, तर ह्ये टेबल सोडायचं. काउंटरवर बसायचं, झेरॉक्स काढायच्या."

कस्तुराला झेरॉक्सचा तिटकारा नव्हता. पण टेबलाशी बसून तिला पहिल्यांदाच आपल्याला काही येतं असं वाटत होतं, आणि ते तिला सोडायचं नव्हतं.

दिवाळीला दहा दिवस उरले असताना वाकडची विजयश्री तिचं मशीन घेऊन आली. ती घरबसल्या इमारतींचे नकाशे करते. काम चालू असताना जळका वास आला आणि पडदा काळा झाला, असं तिने सांगितलं. समाधानने झाकण काढलं. ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा जाड कनेक्टर वितळून खोबणीला चिकटला होता.

"ढिला राहिल्याबिगर असं व्हत न्हाई, मॅडम. घरी उघडलं व्हतं का तुमी?"

विजयश्री चपापली. "खंडेनवमीला झाकण काढलं होतं. धूळ पुसली, फूल वाहिलं. वायरला हात लावल्याचं आठवत नाही."

"मग तेच. पुसताना निघाला आसंल."

"असेल," ती हळूच म्हणाली. "माझाच हात लागला असेल."

कस्तुरा शेजारी उभी राहून कनेक्टरकडे बघत होती. एक बाजू वितळली होती, पण रेघेची बाजू शाबूत होती. कनेक्टर पूर्ण बसला की त्याचा जो भाग खोबणीत दडतो, त्या भागावरही पिवळा रंग लागलेला होता. आधी नीट बसलेला कनेक्टर मागून निसटला असता, तर तेवढी पट्टी कोरी निघाली असती. म्हणजे रेघ मारली तेव्हाच तो अर्धवट बाहेर होता. हे वाचता येणारी त्या दुकानात ती एकटीच होती.

आणि तिला कळलं, आपल्याकडून हे कसं झालं. ढकलणं, ऐकणं, ओढणं आणि रेघ ही चार कामं पन्नास सेकंदांच्या घाईत हाताने एकच करून टाकली होती. घाई लावायला मागे कुणी उभं नव्हतं, तरी हात लाइनवरच होता. कान ऐकायच्या आत रेघ मारून मोकळा.

गप्प बसणं सोपं होतं. लाइनवर असं काही सापडलं की खराब मालाच्या लाल पेटीत टाकायचं आणि पुढचं उचलायचं. त्या गाडीत बसणारा माणूस कधी समोर येऊन उभा राहत नसे. इथे विजयश्री समोर उभी होती आणि दुसऱ्याची चूक मुकाट्याने आपल्या पदरात घेत होती. कस्तुराला स्वतःची लाज वाटली.

"मॅडम, तुमचा हात नाही लागला," ती म्हणाली. "मीच नीट बसवला नव्हता." आणि रंग कुठे आहे, कुठे असायला नको होता, ते तिने दोघांनाही बोटाने दाखवलं.

विजयश्रीचा चेहरा आधी सैल पडला, मग तापला. "मग मला का बोल लावलात?" तिने समाधानला विचारलं.  तो कार्ड बदलून देतो म्हणाला, आणि ती गेल्यावर कस्तुराकडे न बघता म्हणाला, "ठरलं व्हतं तसं. उद्यापासनं काउंटर."

"बसते. पण मी जोडलेल्या मशीनांची यादी द्या."

"कशाला?"

"एक पीस खराब निघाला की सगळा लॉट तपासायचा. कंपनीचा नियम आहे."

"आवं, येड लागलंय का! लोकांच्या दारात जाऊन सांगणार, आमच्या मशीनमधी खोट आसंल म्हणून? दुकान बसंल माझं!"

"खोटीचं नाव नाही घेत. फुकट सर्व्हिस म्हणते. पण जाणार."

विजयश्रीचं सोडून यादीत एकोणीस नावं निघाली. कस्तुरा दिवसभर काउंटरवर झेरॉक्स काढायची. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी बस पकडून वाकडला, पिंपळ्याला, सांगवीला जायची. दारात चप्पल काढायची, पत्र्याला बोट टेकवायची आणि एकेक कनेक्टर दाबून बघायची, पुन्हा ऐकायची, पुन्हा ओढायची. एका मशीनला तास लागायचा. कुठे चहा मिळाला, कुठे सुरक्षारक्षकाने तासभर खाली बसवलं. अठरा मशीनं ठणठणीत निघाली. प्रत्येक वेळी तिला हायसं वाटे आणि पुढच्या दारापाशी पुन्हा धाकधूक सुरू होई.

एकोणिसावं सांगवीत, उद्धवरावांकडे. निवृत्त गृहस्थ, परगावच्या नातवाशी संगणकावर बुद्धिबळ खेळणारे. तिथे प्रोसेसरला वीज देणारा कनेक्टर तिच्या अंगठ्याखाली दोन मिलिमीटर आत सरकला. अर्धवटच होता. जळला नव्हता तो केवळ बुद्धिबळाला तेवढी वीज लागत नाही म्हणून.  कस्तुराने बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिलं. बाकी सगळीकडे पिवळा रंग होता, याच्यावर नव्हता.

तिला आठवलं. त्या दुपारी मिनलच्या फॉर्मसाठी तिला लवकर निघावं लागलं होतं आणि उरलेली एक जोडणी समाधानने केली होती.

तिने खाली येऊन त्याला फोन लावला. चढ्या आवाजात बोलायचा मोका होता, पण तिला तसं वाटेचना. "अजून एक सापडला, समाधानभाऊ. बसवलाय आता नीट. पण त्याच्यावर माझी रेघ नव्हती."

 त्याने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात पोचली तेव्हा काउंटरच्या खुर्चीत समाधान स्वतः बसला होता. दाढी वाढलेली, पुढ्यात दुकानाच्या जुन्या वह्या उघडलेल्या, पाच वर्षांच्या. प्रत्येक पानावर त्याने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"टेबल तुमचं हाय, ताई, बसा," तो म्हणाला. "पण आदी मला दाबून बघायचं कसं ते शिकवा. माझा लॉट चारशे मशीनांचा हाय, आन् मी कुटं रेघ बी मारलेली न्हाई."