उलट्या पिळाचं सूत

मारियोटाच्या हातात तो पवित्र सदरा पहिल्यांदा आला तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि तिला तो अगदीच साधा वाटला. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईने तिथल्या तिथे थोबाड रंगवलं असतं. लोक खाडीपलीकडून अनवाणी चालत येतात, सदऱ्याच्या पेटीपुढे गुडघे टेकतात, रडतात, आणि ही कारटी म्हणणार, जवसाच्या कापडाचा जुनाट सदरा आहे, काखेत विरलाय! पण खरं तेच होतं.

सदरा मार्गारेटचा. आमच्याकडे नुसतं मार्गारेट म्हटलं की पुरतं. इंग्लंडच्या राजघराण्यातली पोर. तिकडे राज्य परक्यांनी घेतलं तेव्हा आई, बहीण आणि भावाबरोबर गलबतात बसून पळाली, वाऱ्याने आमच्या किनाऱ्याला लागली, आणि आमच्या राजाने तिला परत जाऊच दिलं नाही. आठ बाळंतपणं झाली बाईची. आठही पोरं जगली, त्यातले तिघे पाठोपाठ गादीवर बसले. पुढे नवरा आणि थोरला मुलगा एकाच लढाईत कापले गेले आणि बातमी ऐकून चार दिवसांत तिनेही डोळे मिटले, पण ते कोण लक्षात ठेवतो! लोकांनी लक्षात ठेवली ती आठ बाळंतपणं. बाई संत झाली, तिचा सदरा मठाच्या पेटीत गेला. तेव्हापासून इथल्या कुठल्याही राणीचे दिवस भरले की स्वार येतो आणि पेटी घेऊन जातो. सदरा अंगात चढला की मूल सुखरूप बाहेर. राणीच्या अंगात, बरं का. कोळसा खणणाऱ्याच्या बायकोच्या नव्हे.

आता राणी झाली तरी कळा यायच्या त्या येतातच. तीही बाही दातात धरते, काठ ओरबाडते. सदरा परत यायचा तो फाटूनच. मग मठाच्या दरवाजालगतच्या खोलीत बसून तो सांधायचा, हे काम आधी मारियोटाच्या आईचं, आणि आईचे डोळे गेल्यावर मारियोटाचं. धुवायचा नाही, असा मठाचा हुकूम. जेवढं विरलं तेवढं कापायचं, तिथे नवं कापड घालायचं आणि कापलेला तुकडा भांडाऱ्याच्या हवाली करायचा. एका हिवाळ्यात बाही बदलली. पुढच्या राणीने पाठ फाडली. मग घेर, मग दुसरी बाही, मग छाती. अशी चाळीस वर्षं गेली आणि एका सकाळी मारियोटाने सदरा उजेडात धरून पाहिला तर काय? मार्गारेटच्या वेळचा फक्त गळ्याचा काठ राहिलेला, दोन बोटं रुंद. बाकी सगळा सदरा मारियोटाच्या मागावरचा. जवस तिने पेरलेलं, धाग्यासाठी तिनेच डबक्यात कुजवलेलं, तिनेच झोडपलेलं. सूत तेवढं गेली सात वर्षं तिची धाकटी, एफी, कातत होती, आणि तेवढ्या काळात जुनी ठिगळंही विरून बदलली गेल्यामुळे आता उरलं होतं ते सगळं एफीचंच सूत.

दुसरी कुणी असती तर हसली असती. मारियोटा घाबरली. पाद्र्याने कन्फेशनमध्ये काय पाप केलंस म्हणून विचारलं तर काय सांगायचं? ठिगळ लावलं, हे? तिने तोंडाला कुलूप घातलं. एफीने कधी विचारलंच की एवढं सूत जातं कुठे, तर म्हणायची, "वेदीवरच्या चादरींना लागतं. तू कात, तोंड चालवू नकोस."

ही एफी डावखुरी. जगाची टकळी एकीकडे फिरते, हिची दुसरीकडे. त्यामुळे हिच्या सुताला पीळ उलटा. गल्लीतल्या विणकरणी टोमणे मारायच्या, "एफीचं सूत चर्चमध्ये नेऊ नका गं, संत पाठ फिरवून बसतील!" एफीही काही कमी नव्हती. म्हणायची, "तुमच्याकडे तोंड करून बसलेत तर काय दिवे लागलेत?" सूत चिमटीत धरून नुसतं फिरवायची आणि डोळे मिटून सांगायची, हे माझं, हे शेजारणीचं. खाणीतला डँड तिच्यावर भाळला तो हे पाहूनच. दर रविवारी कुठून कुठून धागे आणून तिची परीक्षा घ्यायचा, आणि दर रविवारी हरायचा. हरून एवढा खूश होणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

लग्नानंतर एफीला दिवस गेले आणि तिच्या जिभेची धार गेली. कारण उघड होतं. तिची थोरली बहीण बेथॉक तीन वर्षांपूर्वी पहिल्याच खेपेला गेली होती, दोन दिवस आणि एक रात्र ओरडून. तेव्हा पाणी तापवायला एफीच होती.

"मीही तशीच जाणार," ती म्हणायची.

"थुंक ते शब्द," मारियोटा म्हणायची. "तुझी कंबर रुंद आहे."

"बेथॉकचीही होती." मग थोडं थांबून, "आई, तो सदरा. एकदाच. तू सांधतेस ना त्यांचा? इतकी वर्षं डोळे फोडलेस. एक दिवस नाही देणार? तो अंगात असला ना, तर मी नाही घाबरणार. खरंच नाही घाबरणार."

 अगं, तो तुझ्याच सुताचा आहे, हे मारियोटाने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पोरीचा एवढा एकच आधार, तो आपणच कसा काढून घ्यायचा? आणि गळ्याचा काठ तर खरा होता. दोन बोटं का होईना. ती म्हणाली, "आणीन."

त्या साली राणीही भरल्या दिवसांची होती. ही राणीदेखील पलीकडचीच, इंग्लंडच्या राजाची मुलगी, तह टिकावा म्हणून इकडे दिलेली. तह काही टिकला नव्हता, राणी तेवढी राहिली होती. सदरा तयार ठेवा म्हणून निरोप आला, मारियोटा काठ सांधायला बसली, आणि ज्या सकाळी राणीचा स्वार दारात आला त्याच पहाटे एफीला कळा सुरू झाल्या.

मठाचा भांडारी ब्रदर निकोल. पेटीची किल्ली त्याच्या कमरेला. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

"ब्रदर, अर्धा दिवस द्या," मारियोटा म्हणाली. "पोर अडलीय. संध्याकाळच्या घंटेच्या आत आणून देते."

"वेड लागलंय का तुला? स्वार खाली घोड्याला पाणी पाजतोय. तासाभरात पेटी निघायला हवी."

"राणीला अजून सुरुवातही नाही म्हणतात."

"म्हणून काय वाट बघत बसायचं?"

"तिच्या उशाशी तीन वैद्य आहेत, ब्रदर. माझ्या पोरीजवळ म्हातारी इसोबेल सुईण आहे, आणि तिला धड दिसतही नाही."

निकोलने मान हलवली. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, आणि त्याचा उपयोग शून्य. "मारियोटा, हा राण्यांचा सदरा आहे. आज तुझ्या मुलीला दिला तर उद्या खाटकाची सून येईल. परवा गवळ्याची."

"येऊ दे की! त्यांना काय कळा कमी येतात?"

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, की राण्यांचा कसला, माझा आहे हा सदरा, गळा सोडून सूत न् सूत माझ्या घरचं आहे. तिने गिळलं. बोललं असतं तर निकोलने विचारलं असतं, मग घरी जा आणि दुसरा शिव, हाच कशाला हवा?  सदरा माझा म्हणावं तर तो पवित्र राहत नाही, आणि पवित्र म्हणावं तर तो आपला होत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, त्यातली गत.

"तू रेशमात गुंडाळून ठेव. मी वरून मोहोर घेऊन येतो," असं म्हणून निकोल गेला.

रीत अशी होती. सांधणारीने सदरा लाल रेशमात गुंडाळायचा, भांडाऱ्याने गाठ मारून लाखेची मोहोर करायची, आणि मग राणीच्या दाईशिवाय कुणी उघडायचा नाही. मारियोटाने दाराला आतून कडी घातली. अंगातला लोकरीचा झगा उतरवला. झग्याखालचा स्वतःचा सदरा काढला. त्याच ताग्यातलं कापड, सहा वर्षं अंगावर पिवळं पडलेलं, काखेला ठिगळ, मानेला घाम. त्याची घडी घातली आणि रेशमात गुंडाळली. मार्गारेटचा सदरा स्वतःच्या अंगात चढवला, वरून झगा. 

निकोलने मोहोर केली, वाकून त्या रेशमाचं चुंबन घेतलं, आणि मारियोटाचा घामट सदरा चांदीच्या पट्ट्यांच्या पेटीत बसून राणीकडे निघाला. मारियोटा दरवाजातून बाहेर पडली आणि उतारावरून धावत सुटली. पन्नाशीची बाई, गुडघे धरलेले. आता होईल, आता होईल, एवढंच मनात. ते दोन बोटांचं कापड मानेला लागत होतं, तेवढ्यावर तिची सगळी भिस्त होती.

डँड उंबऱ्यावर बसला होता, हात कोळशाने काळे, तोंड त्याहून काळं. "सासूबाई, मिळाला?"

"वाटेतून सरक."

एफीने सदरा पाहिला आणि बाई, तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मारियोटा मरेपर्यंत विसरली नाही. दोघींनी मिळून तो तिच्या अंगात चढवला. "हाच तो?" एफी म्हणाली. "हाच," मारियोटा म्हणाली, आणि खोटं बोलली नाही. पुढची कळ आली ती एफीने ओठ दाबून काढली. त्यापुढच्या चार-पाचही. इसोबेल चाचपून म्हणाली, "येतंय गं, येतंय. पोरीने असाच धीर धरला तर दुपारच्या आत मोकळी होते." डँड बाहेर मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागला, तीही चुकीची.

कळ ओसरली की एफी पडून राहायची आणि बाहीचा काठ बोटांत घोळवायची. सवय, दुसरं काय. काठाला एक सुटा धागा होता. तिने तो चिमटीत धरला, एकदा फिरवला. परत फिरवला. डोळे मिटलेले होते, ते उघडले.

"आई, हे माझं सूत आहे."

मारियोटाने तिच्या बोटांतून काठ सोडवू पाहिला.

"उलटा पीळ आहे. माझं आहे." ती बाही चाचपत गेली, कोपरापर्यंत, मग छाती, मग घेर. "सगळं माझंच आहे."

"अगं, तुझंच आहे, पण सदरा तोच आहे! फाटायचा तसा मी सांधत गेले, त्याला तुझं सूत लागलं. हा गळा बघ, एफी. हा गळा तिचा आहे, मार्गारेटचा. शपथ!"

"त्यांनी नाही दिला ना?" एफी म्हणाली. ओरडली नाही, हेच वाईट. "नाही दिला तर नाही दिला म्हणायचं. घरातला सदरा आणून मला लहान मुलीसारखं फसवलंस."

"नाही गं, नाही! माझ्या मेलेल्या बेथॉकची शपथ, हाच तो!"

"बेथॉकला मध्ये आणू नकोस," एफी म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मारियोटाने पाय धरले. मठाच्या खोलीत काय काय केलं ते सगळं सांगितलं, रेशीम, मोहोर, अंगावरून आणलेला सदरा. जेवढं खरं सांगावं तेवढं ते बनवून सांगितल्यासारखं वाटत गेलं. उन्हं कलायला लागली तेव्हा एफीने जोर देणं सोडलं. इसोबेल तिच्या गालावर चापट्या मारत होती, "अगं लाव ना जोर, भवाने, लाव!" मूल आधी गेलं. मुलगा होता. मग तासाभराने एफी गेली. आईशी पुन्हा बोलली नाही.

इसोबेलने विचारलं, सदरा काढायचा का? चांगलं कापड आहे. मारियोटा म्हणाली, राहू दे. दुसऱ्या दिवशी आमच्या राणीचा, आमच्या संताचा सदरा खाणीवाल्यांच्या दफनभूमीत मातीआड गेला, आणि तो कुणाचा हे कबर खणणाऱ्याला माहीत नव्हतं, डँडला खात्री नव्हती, आणि जिच्या अंगावर होता तिला तर मुळीच पटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घंटा वाजल्या. राणीला मुलगा झाला होता, गुटगुटीत, आणि तोही चार तासांत.

पंधरवड्याने पेटी परत आली. ब्रदर निकोलने मारियोटाला बोलावून घेतलं. एफीचं त्याला कळलं होतं. तो उठून उभा राहिला, तिला बाकावर बसवलं, स्वतःच्या हाताने पेलाभर बिअर दिली. ती तिने तशीच ठेवली. मग त्याने रेशीम सोडलं आणि तिचा स्वतःचा सदरा तिच्यापुढे ठेवला.

"राणी म्हणाली, अंगात घालताच संताचा हात पाठीवर फिरल्यासारखं झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुला हे आत्ता ऐकवू नये, पण... कदाचित तुलाच आधार वाटेल. शेवटी सगळं श्रद्धेवर असतं, मारियोटा. राणीची श्रद्धा होती."

"माझ्या पोरीचीही होती, ब्रदर. तिला सूत ओळखता येत होतं, एवढंच."

"म्हणजे?"

"काही नाही. कुठे फाटलाय ते दाखवा."