राजा काय म्हणतो ते सांगणारी बाई

शहाद्याचा मुनव्वर पिंजारी रेडिओवर निवेदक होता आणि स्वभावाने इतका गरीब, की कापसाचे पडलेले भाव वाचताना आवाजात माफी मागितल्यासारखं करायचा. असा माणूस आयुष्यात एकदाच भडकला, तोही कठपुतळीपायी.

हे वेड आठव्या वर्षीचं. कापूस घरात आला की म्हसावदला नवलसिंगचा खेळ लागे. तो पाहून आल्यावर मुनव्वरने बापाच्या पिंजलेल्या कापसाचे इतके राजे बनवले, की आई हलीमाबी ओरडली, "गाद्या भरू का तुन्ही फौज?"

नवलसिंग तोंडात बांबूची चपटी शिट्टी धरून बाहुल्यांचा आवाज काढी. राजा नुसता चींचीं करायचा. शेजारी ढोलकी घेऊन बसलेली त्याची बायको सुगंधाबाई विचारी, "काय म्हणस राजा? भूक लागनी?" मग लोकांना त्या चींचींचा अर्थ लागे. मुनव्वर भाळला राजावर, पण धंदा शिकला तो बाईंकडून. दुसऱ्याचं न कळणारं बोलणं चारचौघांना कळेल असं सांगायचं. निवेदक तरी आणखी काय करतो?

रेडिओत नोकरी लागल्यापासून, हा खेळ लोकांना ऐकवा म्हणून तो तिथल्या साहेबांच्या मागे होता.

"अहो, बाहुल्या रेडिओवर दिसणार कशा?"

"साहेब, मीही दिसत नाही."

सहा वर्षं हेच चाललं. शेवटी १९४६ च्या हिवाळ्यात ध्वनिमुद्रणाची मोटार म्हसावदला आली. नवलसिंग म्हातारा झाला होता, सुगंधाबाईंची ढोलकी मात्र अजून तरुण होती. तबकडीच्या एका बाजूला चार मिनिटं मावायची आणि कोऱ्या बाजू दोनच उरल्या होत्या. साहेबांनी एकदा तालीम ऐकली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "ही बाई तेच तेच बोलते. निम्मा वेळ खाते. तिला फक्त वाजवू द्या."

मुनव्वरची कानशिलं तापली. "साहेब, बाई गप्प बसली तर राहिलं काय?"

"बाहुली राहिली ना! खेळ बाहुलीचा आहे."

पहिली बाजू तशी भरली आणि वाजवून पाहिली. सापळ्यात उंदराचं अख्खं कुटुंब सापडावं तसा कल्लोळ! साहेब म्हणाले, "हरकत नाही. नंतर अर्थ तुम्ही वाचा, शुद्ध मराठीत."

तिथे मुनव्वरचा तोल सुटला. "मी वाचू? चाळीस वर्षं ज्या बाईने या राजाला बोलतं ठेवलं, तिच्या तोंडचा घास मी खाऊ? वाचणार नाही! उद्या माझंही बोलणं तेच तेच वाटेल, तेव्हा ढोलकी देणार का माझ्या हातात?"

मुनव्वरने मायक्रोफोन उचलला आणि सुगंधाबाईंसमोर नेऊन ठेवला.

"मावशी, बोला."

"भाऊ, तुन्ही नोकरी जाई ना?"

"तुम्ही बोला."

नवलसिंगने शिट्टी तोंडात धरली. राजाने जोरात चींचीं केलं. बाईंनी ढोलकीवर थाप मारली.

"काय म्हणस राजा? टोपीवाला सायबले ईचारू? त्याले तरी काय समजनं?"

गाव खदखदून हसलं. यंत्र चालवणाराही हसला, पण तबकडीवरची सुई त्याने उचलली नाही. चार मिनिटं पुरी झाली.

साहेबांनी हीच बाजू प्रसारणाला पाठवली, कारण पहिली लावण्याजोगी नव्हती. सूड उगवला तो निवेदनात. मंजूर कागदावर एवढंच होतं : "नवलसिंग आणि मंडळी."

मुनव्वरने तो कागद समोर धरला आणि वाचलं, "कठपुतळीचा खेळ. शिट्टी आणि दोऱ्या, नवलसिंग. ढोलकी आणि सगळं बोलणं, सुगंधाबाई, म्हसावद."

तिसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागवला गेला : मंजुरीबाहेरचे शब्द का उच्चारले? मुनव्वरने उत्तर लिहिलं, "'मंडळी' म्हणजे कोण, हे श्रोत्यांना सांगणं निवेदकाचं काम आहे. ते केलं. पुन्हा करीन."

आणि पगारवाढ रोखल्याचा हुकूम आला, तेव्हा तो सहकाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आवाजात या वेळी माफी अजिबात नव्हती.